अर्धी गोळी

मंगळवार टँकरचा. त्रिवेणी उजाडताच ओढणी कमरेला घट्ट बांधून खाली उतरली. वैशाख निम्मा सरला होता. बरकतपुऱ्यातल्या त्या जुन्या दुमजली घराची बोअर चैत्रातच आटली होती. नळ सोडला की आधी खोकायचा, मग तांबूस पाण्याची करंगळीएवढी धार सोडून गप्प व्हायचा. चार बिऱ्हाडांनी मिळून एक दिवसाआड टँकर ठरवला होता. तो खालच्या हौदात ओतून जायचा आणि हौदातून ज्याचं त्यानं वर न्यायचं. वर पाणी चढवणारी मोटर जळून महिना झाला होता. घरमालक मुलाकडे परदेशात होता आणि फोनवर "बघतो" म्हणत होता.

त्रिवेणीचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्यांवर. तिच्या दोन्ही हातांत बादल्या, मागे यादम्मा डोक्यावर प्लास्टिकची घागर घेऊन. यादम्मा सात वर्षं त्या घरी कामाला होती. घागरीला ती बिंदे म्हणायची, त्रिवेणीला अक्का आणि त्रिवेणीच्या आईला अम्मा.

आतल्या खोलीतून पद्मावतीबाईंचा आवाज यायचा. पलंगावर पडून त्या पावलांवरून मोजायच्या.

"नऊ झालं का गं?"

"दहा."

"दहा कसं? यादम्माचं धरू नकोस. तिची घागर अर्धी सांडती पायरीवर."

"अम्मा, मैं नहीं सांडती," यादम्मा खालूनच ओरडली. "मेरा बिंदे फुल है. आके देखो."

"मला येता आलं असतं तर तुला कशाला ठिवलं असतं गं?"

यादम्मा हसली आणि हसताना थोडं पाणी खरंच सांडलं. पद्मावतीबाईंनी ते ऐकलं. "बघ," त्या म्हणाल्या.

बारावर त्या थांबवायच्या. "बारा झालं, बास कर त्रिवेणी. पाठ धरंल." त्रिवेणी एक्कावन्न वर्षांची होती. तारनाक्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिची पंचवीस वर्षं नोकरी झाली होती, सध्या आईसाठी ती रजेवर होती, आणि पायऱ्या चढताना तिचे गुडघे वाजत होते. तरी ती बारा झाल्याशिवाय थांबायची नाही आणि बारानंतर एकही आणायची नाही. बारांतल्या दोन बादल्या ताटलीनं झाकून आतल्या खोलीत, मधे भोक आणि खाली भांडं असलेल्या पाटाच्या खुर्चीजवळ ठेवायच्या. त्या आईच्या.

फेब्रुवारीत पद्मावतीबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत गोळा बसवला, महिन्याभरात वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या. खुबा सावरला. पण दुखायच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि सारा दिवस पडून राहणं यांनी पोट बसलं ते बसलंच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकाखाली एक लिहून दिलं होतं. सकाळी इसबगोल, संध्याकाळी गोड चिकट सिरप तीन चमचे, तिसऱ्या दिवशीही झालं नाही तर वरून एक गोळी, चौथ्या दिवशी खालून घालायची मेणासारखी वात. त्याउपर एनिमा. पद्मावतीबाई त्या कागदाला जाहीरनामा म्हणायच्या. "काढ तुजा जाहीरनामा. आज कितवं कलम?"

त्या मंगळवारी पाचवा दिवस होता.

पाणी भरून झाल्यावर त्रिवेणीनं वाटीत एरंडेल कोमट केलं. खिडकी लावली, दार लोटलं. खिळ्यावरचं फडकं काढलं, जुन्या सुती लुगड्याचं, चौघडी केलेलं. ते नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारली. मग आईचं लुगडं सैल करून ती पोटाला तेल लावू लागली. घड्याळाचा काटा फिरतो तसं, उजवीकडून वर आणि डावीकडून खाली, हलक्या हातानं. पोट डाव्या बाजूला दगडासारखं लागत होतं.

"दुखतंय?"

"न्हाई. गार वाटायलंय." पद्मावतीबाई आढ्याकडं बघत होत्या. "तुज्या आजीचं पोट असंच मी चोळायचे. म्हातारी सोनामुखीचा काढा घ्यायची आन् रानात जाऊन बसायची दोन दोन तास. सासरा म्हणायचा, काय पेरायला गेलीस का?"

फडक्याआड त्रिवेणी हसली. ते दिसलं नाही.

"मला मात्र जमायचं न्हाई ते. मी सोळाची होते लगीन झालं तवा. उजाडायच्या आत जाऊन आलं तर आलं. न्हाईतर दिवस बुडंपर्यंत दम धरायचा. शेतात कापूस वेचताना बाप्ये असायचे ना भवताली. जाणार कुठं? म्हणून घोटभर पाणी पन् प्यायचे न्हाई. एकदा दम धरायची सवय लागली की पोट बी ऐकतंय बघ. आता कसं सांगू त्याला, बाबा, सोड आता?"

"तूच सांग. माझं काही ते ऐकत नाही."

त्रिवेणीनं वात घातली, पंधरा मिनिटं घड्याळ बघितलं आणि आईला उठवून पाटाच्या खुर्चीवर बसवलं. ती समोर जमिनीवर बसली. पद्मावतीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. हे रोजचं होतं. त्यांची बोटं काडीसारखी झाली होती, पण जोर लावताना ती त्रिवेणीच्या मनगटात रुतायची.

बराच वेळ काहीच झालं नाही. गल्लीतून भाजीवाला गेला. पद्मावतीबाईंच्या कपाळावर घाम आला.

"सोड, उद्या बघू," त्या म्हणाल्या.

"उद्या नाही. आज."

"हट्टी हायेस. बापावर गेलीस."

आणि मग झालं. खूप झालं. पद्मावतीबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

"आलं गं बाई," त्या म्हणाल्या. "आता पेढे वाट."

"वाटते. काय झालं म्हणून सांगू?"

"सांग, पद्मावती सुटली."

दोघी हसल्या. हसता हसता पद्मावतीबाईंनी हात सोडवून घेतला आणि तिच्या तोंडावरच्या फडक्याकडं बोट केलं. आवाज तोच थट्टेचा होता, पण डोळे खाली होते.

"किळस येत असंल न्हाई गं तुला?"

त्रिवेणीनं ताटली बाजूला करून मग बुडवला. "हात धर," ती म्हणाली. "पुढं वाक. हं, अशी."

तिनं आईला स्वच्छ केलं, पुसलं, पावडर लावली. दोन्ही बादल्या लागल्या. पद्मावतीबाई शेवटपर्यंत दुसऱ्या बादलीत किती राहिलं ते बघत होत्या.

ते फडकं पहिल्या दिवसापासूनचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्रिवेणीनं पहिल्यांदा एनिमा दिला. निम्म्यातच ती उठून मोरीत धावली. तेव्हा नळाला पाणी होतं. आवाज झाकायला तिनं नळ मोठा सोडला आणि ओकली. आवाज झाकायला पाणी सोडायची ती युक्ती तिला आईनंच शिकवली होती, लहानपणी, पाच बिऱ्हाडांत एक संडास होता तेव्हा. मोरीतून ती परत आली तेव्हा पद्मावतीबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून तिनं फडकं बांधलं. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. आईनं विचारलं की त्रिवेणी काहीतरी कामाचं सांगायची: हात धर, कूस बदल, औषध घे. घरात सगळे म्हणायचे, त्रिवेणीनं एवढं वाचलंय, पण बोलायला पैसे पडतात तिला.

अकराच्या सुमाराला ती कोपऱ्यावर गौसभाईंच्या मेडिकलमध्ये गेली. सिरपची बाटली संपत आली होती. दुकानात गर्दी होती. उन्हाळ्यात त्या गल्लीत पोटं बिघडलेलीच असायची, टँकरचं पाणी पिऊन. गौसभाई एका हातानं साखर-मिठाची पाकिटं देत होते आणि दुसऱ्या हातानं गोळ्यांचे पत्ते कात्रीनं कापत होते.

"आओ मैडम. अम्मा के दस्त रुके क्या?"

"दस्त नाही भाई, उलटा है. पाँच दिन के बाद आज हुआ."

"उलटा?" गौसभाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मैं समझा..."

मधेच एका बाईनं रडणारं पोर काउंटरवर बसवलं. "भाई, सुबे से आठ बार हुआ बच्चे कू." गौसभाई तिकडं वळले. त्रिवेणीनं मनात म्हटलं, यांचं वय झालं, एकाचं दुसऱ्याला लावतात. बाटली घेऊन ती घरी आली.

दुपारी शिवराज आला, तिचा धाकटा भाऊ. तो बायको सुनंदाबरोबर कुकटपल्लीला राहायचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. येताना दर वेळी तो पपई आणायचा. पोटाला चांगली म्हणून. त्या घरात उन्हाळाभर पपई होती. ओट्यावर, फ्रिजमध्ये, यादम्माच्या पिशवीत.

"आई, कसं आहे?" त्यानं उंबऱ्यातूनच विचारलं. आत खुर्चीजवळ तो सहसा यायचा नाही.

"झालं आज," पद्मावतीबाई म्हणाल्या. "तुज्या पपईला भिऊन झालं."

"मी सुनंदाला म्हणत होतो, आपण एक नर्स ठेवू. त्रिवेणीला किती ते..."

"परकी बाई नको रे बाबा मला." मग त्या म्हणाल्या, "पन् हिला तरास व्हतो. बारा बारा बादल्या उचलती. तिला विचार."

शिवराजनं बहिणीकडं बघितलं. त्रिवेणी सुरीनं पपई चिरत होती. "मला काही त्रास नाही," ती म्हणाली. घड्याळ बंद पडलंय असं कुणी सांगावं, तसं तिनं ते म्हटलं.

तो गेल्यावर ऊन कलेपर्यंत दोघी पडून राहिल्या. पंखा गरम हवा ढवळत होता. त्रिवेणी जमिनीवर चटई टाकून वाचत होती. पद्मावतीबाई उशाशी ठेवलेला स्टीलचा डबा पोटावर घेऊन बसल्या होत्या. त्या डब्यात त्यांची जपमाळ, नवऱ्याचा रेल्वेचा बिल्ला आणि अडकित्ता. सुपारी बंद होऊन दहा वर्षं झाली होती, दात उरले नव्हते. पण अडकित्ता त्या उशाशी ठेवायच्या. त्रिवेणीला वाटायचं, हाताला सवय असते.

"काय वाचायलीस?"

"एका बाईची गोष्ट आहे. नवरा गेल्यावर एकटी शहरात येते."

"आन्?"

"आणि काय. राहते. काम करते."

"त्रिवेणी, एक सांग. पुस्तकातल्या बायांना परसाकडं व्हतंय का कदी?"

त्रिवेणीनं पुस्तक छातीवर ठेवलं. तिनं खरंच आठवून बघितलं. पंचवीस वर्षांत हाताखालून गेलेली कपाटंच्या कपाटं. बायका रडतात, प्रेम करतात, बाळंत होतात, मरतात.

"नाही," ती म्हणाली. "नाही होत."

"वाटलंच मला. म्हणून त्या एवढ्या शहाण्या असत्यात."

त्रिवेणी इतकी हसली की यादम्मा भांडी टाकून बघायला आली. पद्मावतीबाई मात्र तोंड गंभीर ठेवून छताकडं बघत राहिल्या. आपला विनोद लागला की त्या अशाच बघायच्या. दिवेलागणीला त्रिवेणीनं तीन चमचे सिरप दिलं. थोडा विचार करून तिनं चौथाही दिला. पाच दिवस म्हणजे फार झालं होतं, डोस वाढवायला हवा होता.

बुधवारी टँकर नव्हता. सकाळी सातला पद्मावतीबाईंनी हाक मारली.

"जरा घोटभर पानी दे गं."

त्रिवेणीनं दिलं. आईच्या हातात डबा होता. त्या तिच्याकडं पाठ करून पाणी प्यायल्या. मग चहा मागितला, बशीत ओतून निम्मा घेतला. "आज न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. "आज तुला निवांत. ही बशी घे."

त्रिवेणी बशी घेऊन मोरीकडं गेली. मगातल्या पाण्यात विसळून तिनं ती पालथी घातली आणि परत आली. तेवढा वेळ. आईची मान उजव्या खांद्यावर कलली होती आणि चहाचा एक थेंब हनुवटीवर होता. तो अजून गरम होता.

पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले, छातीला नळी लावली, डोळे बघितले. हृदय, म्हणाले. वय होतं. शिवराज आला, सुनंदा आली. तो आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. त्रिवेणी रडली नाही. आंघोळ घालायची म्हटल्यावर तिनं मोरीत जाऊन बघितलं. पिंपात तळाला दोन तांबे होते. हौद कोरडा होता.

खालच्या बिऱ्हाडातल्या रंजनाबाई काही न विचारता दोन बादल्या घेऊन वर आल्या. मागून शेजारचं तेलुगू कुटुंब, एक बादली आणि एक हंडा. समोरच्या घरातून गौसभाईंच्या बायकोनं दोन बादल्या पाठवल्या. कुणी कुणी आपली प्यायची घागर आणली. अकरा भांडी झाली. सतरा पायऱ्यांवर पाण्याचा माग लागला होता. त्रिवेणीनं स्वतः आईला आंघोळ घातली. फडकं खिळ्यावरच होतं, ते बांधायचं तिला आठवलंही नाही. डोक्यावरून पाणी ओतताना तिला वाटलं, आता ही म्हणेल, बास कर.

अंबरपेठेच्या स्मशानात सगळं आटोपलं. ओट्यावरची पपई पिकून काळी पडली. तिसऱ्या दिवशी यादम्मानं ती उचलून टाकली.

अकराव्या दिवशी त्रिवेणीनं आईचं सामान काढायला घेतलं. लुगडी सुनंदाच्या हवाली केली. वॉकर, गादीवरचं मेणकापड, औषधांची टोपली. सिरपच्या नव्या बाटलीतले जेमतेम चार चमचे गेले होते. शेवटी स्टीलचा डबा उघडला. जपमाळ, बिल्ला, अडकित्ता. अडकित्ता तिनं बाहेर काढला आणि उजेडात धरला. पात्यावर पांढरी भुकटी होती. बोटाला घासली तर बोट पांढरं झालं.

माळेखाली कागदाची पुडी होती. पुडीत गोळ्यांचा पत्ता, दहातल्या चार शिल्लक. शिवाय एक अर्धी, सुटी. पत्त्यावरचं नाव तिनं वाचलं. ते तिला पाठ होतं. बांधणारी गोळी. जुलाब बंद करायची.

त्रिवेणी तशीच जमिनीवर बसली.

तिला अर्धी गोळी ओळखू आली होती. तिचे वडील, हिम्मतराव, काचीगुड्याला पार्सल ऑफिसात कारकून होते. दर मे महिन्यात सगळे भालकीकडच्या गावी जायचे, गाडीनं आणि पुढं चार कोस बैलगाडीनं. निघायच्या सकाळी हिम्मतराव अडकित्त्यानं एक गोळी कापायचे. अर्धी बायकोला, अर्धी लेकीला. "वाटेत अडचण नको," एवढंच म्हणायचे. शिवराजला द्यायचे नाहीत. तो रुळांच्या कडेला बसू शकायचा. गावात पोचल्यावर बायकांना संडास नव्हताच, म्हणून जितके दिवस राहायचं तितके दिवस अर्धी अर्धी. आणि परत आल्यावर आठवडाभर एरंडेल. बाराव्या वर्षी त्रिवेणीनं ती गोळी गाडीच्या खिडकीतून टाकून दिली आणि गावी जाणं सोडलं. आईनं सोडलं नव्हतं.

यादम्मा मोरीत भांडी घासत होती. त्रिवेणीनं पत्ता तिच्यासमोर धरला.

"हे कोणी आणलं?"

यादम्माचे हात राखेत थांबले. मग तिनं ओल्या हातांनीच तोंड झाकलं.

"अक्का, मैं क्या करूँ. अम्मा बोले. गौसभाई कू बोल, दस्त लगे बोलके, और लेके आ. अक्का कू नक्को बोलना बोले."

"किती दिवस?"

"पानी बंद हुआ तब से. जिस दिन टँकर नहीं आता, उस दिन सुबे आधी. अम्मा बोले, आज अक्का के पास पानी नहीं, आज नहीं होना."

"आणि टँकरच्या दिवशी?"

"टँकर का दिन नहीं लेते. कभी कभी लेते." यादम्मानं नाक पुसलं. तिच्या गालावर राखेचा पट्टा उमटला. "तुम कपडा बाँधते ना मुँ पे. अम्मा कू बुरा लगता. अम्मा बोले, लेक मेरी पुस्तकवाली, उसकू ये सब नक्को. जितना कम उतना अच्छा, बोले."

त्रिवेणीनं पाट ओढला आणि मोरीच्या तोंडाशी बसली, यादम्माच्या शेजारी. तिनं राखेतलं एक पातेलं उचललं आणि घासायला लागली.

संध्याकाळी तिनं जाहीरनामा लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे तुम्ही संध्याकाळी सोडायचं देत होता आणि त्या सकाळी बांधायचं घेत होत्या."

"हो."

"मला तेव्हाच प्रश्न पडायचा, एवढ्या सिरपनं होत कसं नाही." डॉक्टर म्हणाले. "त्यानं हृदय थांबलं असं मी म्हणणार नाही, त्रिवेणीताई. अर्ध्या गोळीनं असं होत नाही. त्रास मात्र झाला असेल. पोट ओढलं गेलं असेल दोन्हीकडून."

"हो," ती म्हणाली. "ओढलं आम्ही."

तेरावा झाला. शिवराज म्हणाला, तू चल आमच्याकडं, इथं पाणी नाही, काही नाही. ती म्हणाली, येईन पावसाळ्यात. ती पाटाची खुर्ची एका ओळखीच्या म्हाताऱ्यांना द्यायची ठरली. शिवराज रविवारी गाडी आणून नेणार होता.

शनिवार टँकरचा होता. त्रिवेणी उजाडताच खाली उतरली. बादल्या भरल्या, सतरा पायऱ्या चढली, उतरली, चढली. यादम्मा मागून घागर आणत होती आणि आज तिचं पाणी सांडत नव्हतं, जपून चढत होती. त्रिवेणी वर आली की बादली ठेवायची आणि वळायची. पिंप भरलं. मोरीतली टाकी भरली. ती पुन्हा खाली गेली. मग अजून एकदा.

"अक्का," यादम्मा जिन्यात आडवी आली. "बस. सोला हो गए. किसके वास्ते इत्ता?"

त्रिवेणीनं तिच्याकडं बघितलं. मग हातांतल्या दोन बादल्यांकडं. त्या ती सवयीनं आतल्या खोलीकडेच नेत होती. तिनं त्या नेल्या. खुर्चीजवळ ठेवल्या, ताटल्यांनी झाकल्या. पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती आणि खाली नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. खिडकी उघडी होती. खिळ्यावर फडकं होतं.

तिनं ते काढलं. धुऊन धुऊन ते जाळीसारखं झालं होतं. नाकाला लावून बघितलं. साबणाचा वास, आणि थोडा एरंडेलाचा. ती रोजच्या जागी बसली, जमिनीवर, खुर्चीसमोर, आणि हात पुढं केले तसे ते खुर्चीच्या रिकाम्या हातांवर टेकले.

यादम्मा दारात थबकली. तिनं घागर हळूच खाली ठेवली.

"आई," त्रिवेणी मोठ्यानं म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला, इतका मोठा होता तो. "पहिल्या दिवशी आली होती किळस. ओकले मी. तू ऐकलंस ते मला ठाऊक आहे. पुढं आठ-दहा दिवस येत होती. मग एक दिवस आलीच नाही. कधी गेली ते मलाही कळलं नाही. फडकं तेवढं राहिलं बघ, सवयीनं. तू विचारायचीस आणि मी हात धर म्हणायचे."

खालून टँकर निघून गेल्याचा आवाज आला.

"नव्हती येत गं किळस. मला सकाळ व्हायची वाट असायची. तू हसायचीस ना, झाल्यावर. त्यासाठी मी बारा काय, वीस आणल्या असत्या."